घरचें सत्य आणि परघरचें सत्य

वर्तमानपत्राची नीति त्याच्या कोणत्या पानावरून ओळखावी? अग्रलेखावरून, असें पुष्कळजण म्हणतील. जाहिरातींवरून, असेंहि कांहीं म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. आमच्या मतें मात्र त्यासाठीं दोन पानें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं लागतात. एक घरच्या घडामोडींचें आणि दुसरें परराष्ट्रांतील घडामोडींचें. शेजारच्या राज्यांत कोणी मंत्री लांच खातो, कोणा राजाचे शिपाई निःशस्त्र प्रजेवर गोळ्या झाडतात, हें ज्या लेखणीला लख्ख दिसतें, तिलाच आपल्या राजधानींतील तीच गोष्ट दिसूं नये, हा दृष्टिदोष समजावा कीं चारित्र्यदोष? आणि परघरचें जें तिनें सांगितलें तें अक्षरशः खरें असेल, तर घरच्या मौनामुळें त्या खरेपणास कांहीं उणेपणा येतो काय? प्रश्न दिसतो साधा. पण त्याला 'होय' म्हणून उत्तर देववत नाहीं आणि 'नाहीं' म्हणूनहि देववत नाहीं.

या प्रश्नाच्या विचारास तुर्कस्तानच्या वृत्तपत्रांइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें आढळलें नाहीं. खिलाफतीच्या चळवळीच्या दिवसांत त्या देशाचें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येत असे. परंतु तें सुलतानाच्या आणि केमाल पाशाच्या संबंधानें. तेथील संपादकांची ओळख आपल्याकडे फारशी कोणी करून घेतली नाहीं. वस्तुतः त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण त्या देशांत घर कोठें संपतें आणि परघर कोठें सुरू होतें हें सांगणेंच कठीण. ग्रीक, अर्मेनियन, कुर्द, अरब, यांपैकीं कोणाचाहि प्रश्न घ्या, त्याचें एक टोंक इस्तंबूलच्या गल्लींत असतें आणि दुसरें कोणत्या तरी परकीय राजधानींत.

तुर्की भाषेंतील पहिलें वृत्तपत्र सरकारनें काढलें, तें १८३१ सालीं. तुर्की गृहस्थांनीं स्वतःच्या जबाबदारीवर पत्र काढण्यास १८६० साल उजाडावें लागलें. तें काम आगाह एफेंदी आणि शिनासी यांनीं केलें. पुढें आठच वर्षांत अशी पाळी आली कीं, नामिक केमाल आणि त्याचे स्नेही यांस आपलें 'हुर्रियत' हें पत्र लंडनहून काढावें लागलें. घरचें सत्य छापावयाचें तर परघरच्या छापखान्यांत जावें लागे, अशी ती स्थिति होती.

सुलतान अब्दुल हमीद याच्या कारकीर्दींत (१८७६–१९०९) याहून चमत्कारिक गोष्ट घडली. घरच्या बातम्यांवर सेन्सॉर बसला यांत नवल नाहीं. तो परदेशच्या बातम्यांवरहि बसला. १९०३ सालीं सर्बियाचा राजा अलेक्झांडर आणि त्याची राणी यांचा बेलग्रेडच्या राजवाड्यांत त्यांच्याच लष्करी अधिकाऱ्यांनीं खून केला; इस्तंबूलच्या वाचकांस तीं दोघें अपचनानें वारलीं असें सांगण्यांत आलें. १८९८ सालीं जिनीव्हा येथें ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीस एका माथेफिरूनें भोंसकलें. तुर्की पत्रांत ती न्यूमोनियानें गेली. इतिहासकार या गोष्टी गंमत म्हणून सांगतात, आणि राजाराणीस एकाच रात्रीं अपचन व्हावें ही कल्पना हंसूं आणणारी आहेच. परंतु त्या सेन्सॉरास मूर्ख म्हणावयास आम्ही तयार नाहीं. निव्वळ परदेशची अशी बातमी नसतेच, प्रत्येक वाचक ती आपल्या घरास लावून पाहतो, हें त्याला पुरतें कळलें होतें. पुढील काळच्या कित्येक विद्वान् संपादकांपेक्षां त्याची समज अधिक होती असेंच म्हणावें लागतें.

१९०८ च्या जुलैंत हा अंमल एकाएकीं कोसळला. राज्यघटना पुनः चालू झाल्याचें जाहीर होतांच संपादकांनीं आपले अंक सेन्सॉरास दाखविण्याचें नाकारलें. २४ जुलै हा दिवस तुर्की पत्रकार त्याच्या स्मरणार्थ पाळीत आले आहेत. मराठी वाचकांस हा आठवडा निराळ्या कारणानें ठाऊक आहे. त्याच महिन्याच्या २२ तारखेस मुंबईच्या हायकोर्टांत 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली होती. एका शहरांत संपादकास काळ्या पाण्याची वाट दाखविली जात असतां दुसऱ्या शहरांत दोनच दिवसांनीं सेन्सॉरास दारावरून परत लावण्यांत यावें, या योगायोगावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. तथापि तो मनांतून जात नाहीं. इस्तंबूलचा आनंद तरी कितीसा टिकला? १९०९ च्या ६ एप्रिलला 'सर्बेस्ती' पत्राचा संपादक हसन फेहमी याला गालाता पुलावर गोळी घालून ठार करण्यांत आलें. सरकारी सेन्सॉर गेला होता, त्याच्या जागीं पिस्तूल आलें.

त्या १९०८ च्या उन्हाळ्यांत जीं नवीं पत्रें निघालीं त्यांत 'तानीन' हें एक प्रमुख होतें, आणि हुसेन जाहित हा त्याच्या संस्थापकांपैकीं एक. या गृहस्थाच्या चरित्राजवळ आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. कारण आमचा सारा प्रश्न त्या एका आयुष्यांत सांठलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनीं त्याला माल्टा बेटावर नेऊन ठेविलें. १९२५ सालीं कुर्दांच्या बंडानंतर नव्या प्रजासत्ताकानें बंदोबस्ताचा कायदा करून पत्रांमागून पत्रें बंद केलीं, तेव्हां विशेष न्यायालयानें त्याला चोरुम या आंतल्या भागांतील गांवीं हद्दपार केलें. म्हणजे परकीयांचा आणि स्वकीयांचा, दोघांचाहि जाच त्यानें भोगला. अशा मनुष्यास दुसऱ्याच्या लेखणीची किंमत कळावी अशी आपली अपेक्षा असते. आतां १९४५ पाहा. त्या वर्षीं रशियानें तुर्कस्तानचे पूर्वेकडील प्रांत आणि सामुद्रधुनीवर ठाणीं मागितल्यामुळें देशांत भीतीचें वातावरण होतें. 'तान' नांवाचें एक पत्र झेकेरिया आणि साबिहा सेर्तेल हें दांपत्य चालवीत असे. त्यांचा कल डावीकडे, रशियाशीं सलोखा असावा असें त्यांचें मत, आणि घरीं एकपक्षी राज्यपद्धतीवर त्यांची टीका चालू. ३ डिसेंबर रोजीं हुसेन जाहितनें 'तानीन'मध्यें देशबांधवांस उठावयास सांगणारा एक जळजळीत लेख लिहिला. दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्यांच्या जमावानें 'तान'चा छापखाना फोडून टाकला, यंत्रें मोडलीं, कागदाचीं भेंडोळीं रस्त्यावर ओढून आणलीं.

येथें एक गोष्ट नजरेंतून निसटूं देऊं नये. 'तान'चा खरा उपद्रव घरच्या सत्ताधाऱ्यांस होता, तो त्याच्या घरगुती टीकेचा. परंतु त्याला शिक्षा झाली ती परराष्ट्राचा हस्तक म्हणून. घरचें बोलणाऱ्यास परका ठरविणें ही युक्ति जुनी आहे, आणि आपल्याकडील भाऊबंदकींतहि ती कांहीं अपरिचित नाहीं. हुसेन जाहितची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपत नाहीं. १९५४ सालीं मेंदेरेस सरकारवरील टीकेबद्दल हा एकोणऐंशीच्या घरांतील म्हातारा स्वतः तुरुंगांत गेला. नऊ वर्षांपूर्वीं ज्यांचा छापखाना मोडला ते लोक तेव्हां हंसले असतील काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या तुरुंगवासाची चीड येते आणि त्याच्या १९४५ च्या लेखाचीहि येते. एकीनें दुसरी फिटत नाहीं.

त्या मेंदेरेसच्या काळांत एक वाद निघाला, तो तत्त्वचिंतकांनीं विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तुर्की लोक त्याला 'सिद्ध करण्याच्या हक्का'चा वाद म्हणत. एखाद्या मंत्र्यावर पत्रांत आरोप केला आणि मंत्र्यानें अब्रूची फिर्याद लावली, तर आरोप खरा असल्याचें कोर्टांत सिद्ध करण्याची मुभाच संपादकास नव्हती. खरें काय आणि खोटें काय हा प्रश्न कोर्टापुढें येऊंच द्यावयाचा नाहीं, मंत्र्याची अब्रू गेली कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें! ही मुभा मिळावी म्हणून सरकारपक्षाच्याच कांहीं सभासदांनीं आग्रह धरिला, ते पक्षाबाहेर पडले, आणि १९५५ च्या अखेरीस त्यांनीं निराळा पक्ष काढला. असत्य बोलणारा दंडनीय असतो हें सर्व जग मानतें. सत्याला साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें राहण्यासच बंदी करणें ही निराळी गोष्ट आहे. कारण तींत सत्तेनें असत्याचा पक्षहि उघडपणें घेतलेला नसतो, तिनें फक्त दार लावून घेतलेलें असतें.

घरच्या मंत्र्याविषयीं सत्य सिद्ध करण्यास ज्या वर्षीं बंदी होती, त्याच वर्षीं परघरच्या एका बातमीनें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. सायप्रसच्या भवितव्यासंबंधानें लंडनमध्यें परिषद चालू होती. १९५५ च्या ६ सप्टेंबरला ग्रीसमधील सालोनिका येथें, केमाल आतातुर्क ज्या घरांत जन्मला त्याच्या लगत तुर्की वकिलातीच्या आवारांत बाँब फुटला. नुकसान थोडें, खिडक्यांच्या कांचा फुटल्या. 'इस्तंबूल एक्स्प्रेस' या सायंपत्रानें त्याच दुपारीं जादा अंक काढला, नेहमींच्या कित्येक पट प्रती छापल्या, आणि राष्ट्रपित्याचें घर बाँबनें उद्ध्वस्त झाल्याचा समज शहरभर झाला. रात्रीपर्यंत इस्तंबूलमधील ग्रीकांचीं हजारों दुकानें आणि घरें लुटलीं गेलीं. अर्मेनियन आणि यहुदी लोकहि त्यांतून सुटले नाहींत. सत्तराहून अधिक चर्चांची नासधूस झाली. पुढें ग्रीक न्यायालयानें बाँबच्या कटाबद्दल दोषी धरले ते वकिलातीचा तुर्की पहारेकरी आणि एक तुर्की विद्यार्थी.

बाँब फुटला ही बातमी खोटी नव्हती, हेंच यांतील दुःख. बाँब फुटलाच होता. परंतु तो कोणी ठेवला हें विचारावयास त्या अंकाला सवड नव्हती, आणि परघरीं जें घडलें त्याची घरांत कोणाच्या दारावर थाप पडणार हें मात्र त्याला चांगलें ठाऊक असावें. सेन्सॉरच्या कारकीर्दींत राजाचा खून अपचन होऊन छापला गेला. येथें फुटलेल्या कांचा वाढून पेटलेलें शहर झाल्या. पहिल्यांत सत्य दडपलें, दुसऱ्यांत सत्याचा एक तुकडा तेवढा हातांत धरून तो दगडासारखा फेंकला. दोहोंत दुसरें पातक मोठें असें आम्हांस वाटतें. पहिल्यानें निदान कोणाचें दुकान जाळलें नाहीं.

बातमी देतां देतां बातमी घडविण्याचा मोह पुढेंहि दिसला. १९९६ च्या जानेवारींत एजियन समुद्रांतील, शेळ्यांखेरीज वस्ती नसलेल्या दोन लहानशा खडकांवरून ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यांत कुरबूर चालू होती. ग्रीकांनीं तेथें निशाण लावलें. 'हुर्रियत'चे बातमीदार (हें पत्र १९४८ चें, नामिक केमालच्या पत्राशीं त्याचा नांवापलीकडे संबंध नाहीं) हेलिकॉप्टरनें तेथें उतरले, ग्रीकांचें निशाण काढलें, तुर्कांचें लावलें आणि तें चित्र छापलें. तीन-चार दिवसांत दोन्ही देशांच्या युद्धनौका समोरासमोर उभ्या. एक ग्रीक हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी प्राणांस मुकले. अमेरिकेनें मध्यस्थी केली म्हणून पुढचें टळलें. लेखणी खिशांत ठेवून काठी हातांत घेतली कीं मग बातमीदार कोणास म्हणावें?

आतांपर्यंतचीं उदाहरणें सोपीं होतीं. त्यांत कोठें तरी असत्य आहे, निदान अर्धसत्य आहे. त्यामुळें निषेध करावयास मनाला ओढाताण पडत नाहीं. खरी अडचण पुढेंच आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं जमाल खशोगी हा सौदी पत्रकार इस्तंबूलमधील सौदी वकिलातींत गेला तो परत आला नाहीं. तो आपल्या पायांनीं बाहेर पडला असें सौदी सरकार प्रथम सांगत होतें. 'साबाह' आणि 'येनी शफक' हीं तुर्की सरकारच्या बाजूचीं पत्रें. त्यांनीं दिवसामागून दिवस तपशील छापले. विमानानें आलेल्या पंधरा इसमांचीं नांवें आणि चित्रें, वकिलातींत काय घडलें याचें वर्णन, हें सर्व बाहेर आलें. सौदी सरकारला आपला जबाब बदलावा लागला, पुनः बदलावा लागला, आणि अखेरीस खून झाल्याचें कबूल करावें लागलें. या पत्रांनीं लिहिलें नसतें तर तो खून कदाचित् पचून गेला असता. आणि त्याच वर्षअखेरीस, पत्रकारांच्या रक्षणासाठीं काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेनें केलेल्या मोजणींत, सर्व जगांत सर्वांत अधिक पत्रकार तुरुंगांत होते ते तुर्कस्तानांत, अडुसष्ट. लागोपाठ तिसरें वर्ष.

मग या पत्रांचें काय करावें? 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें' म्हणून हंसून सोडून द्यावें काय? तसें करतां येत नाहीं. कारण खशोगीचा खून खरोखरच झाला होता, आणि दांभिकाच्या तोंडून बाहेर आलें म्हणून सत्य खोटें होत नाहीं. जगानें त्या माहितीबद्दल त्यांचे आभार मानावेत. परंतु सत्य वस्तु हातीं असणें निराळें आणि सत्यव्रत पाळणें निराळें. व्रत कशावरून ओळखावें, तर तें मोडणें सोयीचें असतां मोडलें कीं नाहीं यावरून. त्या परीक्षेची वेळहि आली. तुर्कस्तानची आर्थिक स्थिति बिकट झाली, सौदी राज्याशीं समेट करणें इष्ट वाटूं लागलें, आणि ७ एप्रिल २०२२ रोजीं इस्तंबूलच्या न्यायालयानें खशोगीच्या खुनाचा खटला सौदी अरबस्तानाकडे वर्ग केला. म्हणजे फिर्याद आरोपींच्याच धन्याकडे सोंपविली. त्याच महिन्यांत तुर्की अध्यक्ष सौदी दरबारीं भेटीस गेले. चार वर्षांपूर्वींचा तो आवेश सरकारपक्षीय पत्रांत मग उरला नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणूं नयेत, ही शिकवण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकली आहे. राष्ट्र संकटांत असतां त्याचीं गुपितें फोडणारा संपादक सत्यवादी कीं घरभेदा? २०१५ च्या २९ मे रोजीं 'जुम्हूरियेत' पत्रानें सीरियाकडे जाणाऱ्या, तुर्की गुप्तचर खात्याच्या मोटारींचीं चित्रें छापलीं. वर औषधांच्या पेट्या आणि खालीं दारूगोळा. सरकार म्हणे, ती सीरियांतील तुर्कमेनांस मदत होती. संपादक जान दुंदार आणि अंकाऱ्याचा प्रतिनिधि एर्देम ग्युल यांस राज्याचें गुपित फोडल्याबद्दल २०१६ सालीं शिक्षा झाली. निकालाच्याच दिवशीं कोर्टाबाहेर दुंदारवर एकानें गोळ्या झाडल्या, तो वांचला. या आरोपांतील तर्क नीट पाहावा. खोटी गोष्ट हें गुपित असूं शकत नाहीं. गुपित फोडलें असें म्हणणें हीच ती खरी असल्याची कबुली. १९५४ सालीं सत्य सिद्ध करण्यास मनाई होती; २०१६ सालीं सरकारनें तें आपण होऊन सिद्ध केलें आणि मग शिक्षा केली. घराच्या उपमेविषयीं म्हणाल तर ती आम्हांस पटत नाहीं. कुटुंबाला माजघर असतें. तेथें दार लावून वडिलधाऱ्यांस चार शब्द सुनावतां येतात. राष्ट्राला माजघर नाहीं, चावडी तेवढी आहे. तेथें बोलावयाचें नाहीं याचा अर्थ कोठेंच बोलावयाचें नाहीं असा होतो. चालू लढाईंत सैन्याच्या हालचाली छापूं नयेत हें आम्हीहि मान्य करूं. परंतु ज्या लढाईंत आपण उतरलों आहों हेंच प्रजेस सांगितलेलें नाहीं, तिचें गुपित प्रजेपासूनच राखलेलें असतें.

घर आणि परघर दोन्हींकडे सारख्याच मापानें बोलणारा कोणी त्या देशांत झाला नाहीं काय? झाला. ह्रान्त दिन्क या अर्मेनियन गृहस्थानें १९९६ सालीं कांहीं स्नेह्यांसह इस्तंबूलमध्यें 'आगोस' हें साप्ताहिक काढलें. १९१५ सालीं अर्मेनियनांचें काय झालें हें तो तुर्कांस स्पष्ट सांगे. तें तुर्कांस रुचत नसे. परदेशांत विखुरलेल्या अर्मेनियनांस तो सांगे कीं, तुर्काविषयींचा द्वेष तुमच्या रक्तांत विषासारखा भिनला आहे, त्यांतून मोकळे व्हा. तें त्यांस रुचत नसे. याच लेखमालेंतील एक वाक्य तोडून, त्यानें तुर्कांचेंच रक्त विषारी म्हटलें असा कांगावा झाला. तज्ज्ञांनीं लेखांत तसा अर्थ नाहीं असा अभिप्राय दिला असतांहि २००५ सालीं तुर्कत्वाच्या अपमानाबद्दल त्याला दोषी ठरविण्यांत आलें. अर्मेनियनांना केलेला उपदेश हा तुर्कांचा अपमान ठरावा, हा न्याय अजब खरा! पुढच्याच वर्षीं फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेनें अर्मेनियनांचा वंशसंहार नाकारणें हा गुन्हा ठरविणारें बिल मंजूर केलें. जगांतील अर्मेनियनांस आनंद झाला. दिन्क म्हणाला, हा कायदा झाला तर मी फ्रान्समध्यें जाईन आणि मला जें खोटें वाटतें तेंच तेथें बोलून हा कायदा मोडीन. तुर्कस्तानांत 'झाला' म्हणण्यास बंदी आणि फ्रान्समध्यें 'झाला नाहीं' म्हणण्यास बंदी. त्याच्या लेखीं दोन्ही बंद्या एकाच जातीच्या होत्या. कोणत्याहि पंगतींत ज्याला पान मिळूं नये असाच हा मनुष्य.

१९ जानेवारी २००७ रोजीं 'आगोस'च्या कचेरीसमोर सतरा वर्षांच्या एका पोरानें त्याला गोळ्या घातल्या. धोक्याची सूचना असतांहि राज्यानें त्याचें रक्षण केलें नाहीं, आणि त्याच्या लेखनस्वातंत्र्याचाहि भंग केला, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें २०१० सालीं दिला. 'आगोस' त्यानंतरहि निघत राहिलें. त्यांत पहिल्यापासून तुर्की आणि अर्मेनियन अशा दोन भाषांचीं पानें असत. तुर्की वाचकांपैकीं बहुतेकांस अर्मेनियन अक्षर लागत नाहीं, आणि इस्तंबूलच्या कित्येक अर्मेनियनांसहि तुर्कीच अधिक सोपी पडते. दिन्कनें अर्मेनियनांस उद्देशून लिहिलेली ती लेखमालाहि तुर्की भाषेंतच होती. त्यामुळें ती दोघांनींहि वाचली.